उतारावरची बचत

चढ संपला तिथे थेंबमामांनी ट्रक सरळ केला, गिअर काढला आणि चावी उलटी फिरवली. इंजिन बंद पडलं.

शेजारी वही घेऊन बसलेल्या वाहन विभागाच्या बाईंना वाटलं, काहीतरी बिघडलं.

"काय झालं, मामा?"

"काही नाही मॅडम. आता पायथ्यापर्यंत गाडी आपली आपण जाते. नऊ किलोमीटर. डिझेल शून्य."

कंपनीच्या बत्तीस ट्रकांत सगळ्यात कमी डिझेल मामांना लागायचं. चार महिने ओळीने कचेरीतल्या तक्त्यावर त्यांचंच नाव वर होतं. थेंबमामा हे नाव पडलं ते त्यामुळेच. त्यांना हे जमतं कसं ते बघावं, लिहून घ्यावं आणि बाकीच्या ड्रायव्हरांना शिकवावं, म्हणून बाई आज स्वतः केबिनमध्ये बसल्या होत्या. सकाळपासून सहा गोष्टी लिहून झाल्या होत्या. निघण्याआधी टायरची हवा बघणे. उभ्या गाडीला उगाच रेस न देणे. पुढचा सिग्नल लाल दिसला की लांबूनच पाय काढणे. सगळ्या शहाण्या माणसाच्या गोष्टी. सातवा आकडा घालून त्यांनी पेन टेकवलं होतं.

ट्रकने वेग धरला. मागे चौदा टन फरशी होती. एवढं धूड इतकं गुपचूप पळू शकतं हे बाईंना माहीत नव्हतं. फक्त वारा ऐकू येत होता आणि फरशीच्या खोक्यांची बारीक करकर.

"चावी काढून घ्यायची नाही," मामा समजावत होते. "काढली की स्टेअरिंग अडकतं. नुसती फिरवायची. आणि ब्रेक जपून मारायचा. इंजिन बंद म्हणजे ब्रेकला नवी हवा नाही. आहे तेवढी पुरवून वापरायची."

समोरच्या डबीत ब्रेकची हवा दाखवणारा काटा होता. मामांचा पाय पडला की तो थोडा खाली यायचा, आणि तिथेच राहायचा.

"इंजिन चालू करा," बाई म्हणाल्या.

"अजून बराच उतार आहे, मॅडम."

"मामा, आत्ता चालू करा."

तेवढ्यात वळण आलं. वर येणाऱ्या टेम्पोला मागे टाकत एक मोटार सरळ त्यांच्या बाजूला घुसली होती. मामांनी ब्रेक दाबून धरला. स्टेअरिंग दगडासारखं जड झालं होतं. ते सीटवरून अर्धे उठले आणि सगळं अंग घालून त्यांनी चाक वळवलं. मोटार आरशाला चाटून गेली. काटा लाल पट्ट्यात उतरला आणि केबिनमध्ये एक बारीक शिट्टी वाजायला लागली.

मामांनी चावी फिरवली. स्टार्टर घरघरला आणि थांबला. परत घरघरला. तिसऱ्या वेळी इंजिनाने घेतलं. गिअर कर्रकन ओरडत पडला, ट्रक पुढून दबला आणि पुढच्या रुंद जागी कडेला येऊन उभा राहिला.

दोघं खाली उतरले. चाकांमधून जळका वास येत होता. मामांनी दोन दगड शोधून मागच्या चाकांना लावले, हात पुसले. बाई कठड्याला टेकून उभ्या होत्या. वही केबिनमध्येच राहिली होती.

"किती वर्षं झाली गाडी चालवताय?"

"तेवीस."

"तेवीस वर्षं असंच उतरता?"

"छे. आधी कधी नाही. उतारावर इंजिन बंद करणाऱ्याला माझ्या उस्तादाने कानाखाली दिली असती."

"मग आता का?"

मामा जरा ओशाळले. "पहिल्या नंबरला महिन्याला दोन सुट्ट्या जास्त मिळतात ना. नात पाच महिन्यांची झाली. आधी मला बघून भोकाड पसरायची. गेल्या खेपेला नाही रडली. ओळखायला लागलीय."

सुट्टीची कल्पना बाईंचीच होती. पैशाचं बक्षीस महिनाभरात विसरतात, पण सुट्टीसाठी माणूस जीव टाकतो, असं त्यांनी मालकांना पटवून दिलं होतं. मालकांनी लगेच मान डोलावली होती.

"हे आणखी कुणाला माहीत आहे?"

"तसं पाच-सहा जणांना. विचारायला येतात, मॅडम. घरी जायची ओढ काय मला एकट्यालाच आहे? नाही कसं म्हणणार?" मग त्यांनी बाईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "तुम्ही पण आज शिकायलाच आला होतात."

बाईंनी पर्समधून फोन काढला. पहिला फोन कुणाला करायचा याचा त्या विचार करत होत्या.

"ती बघा, आपलीच गाडी," मामा म्हणाले.

वरच्या वळणावर कंपनीचा निळा ट्रक दिसला. चांगलाच वेगात होता. बाई कान देऊन ऐकत राहिल्या. नुसता वारा ऐकू येत होता. मग फोन हातात तसाच ठेवून त्या धावत रस्त्याच्या कडेला गेल्या आणि दोन्ही हात वर करून जोरजोराने हलवायला लागल्या.

ड्रायव्हरने त्यांना ओळखलं. तो मोठ्ठा हसला, खिडकीतून हात बाहेर काढून त्याने मॅडमना सलाम ठोकला, आणि ट्रक सळसळत त्यांच्यासमोरून खाली गेला.