तंबूबाहेरचे बूट

"जमलं गं आई!" गडाच्या माचीवर मी फोनवर नाचतच होते. "तंबू लावला, एकटी झोपले, चहासुद्धा केला!"

"किती वाजता उतरतेस? फोन करत राहा."

"मुळीच नाही! बॅटरी संपतेय. संध्याकाळपर्यंत काळजी करायची नाही, माझी शपथ आहे तुला!"

ती हसली. "बरं बाई, नाही करत." फोन बंद पडला.

बूट रात्रभर बाहेरच होते. घरात पायताण आणायचं नाही, ही आईची शिस्त मी तंबूतही पाळली होती. निघताना बुटात पाय सरकवला आणि निखारा लागावा तशी आग झाली. त्यातून लाल विंचू निघाला.

आता घाम थांबत नाहीये, जीभ जड झालीये. हाका मारून पाहिल्या. माचीवर कुणी नाही. आणि आई घरी माझी शपथ पाळतेय.