दरीच्या बाजूची सीट

पडदे शिवणाऱ्या काकूंनी कापड बेतायच्या मोठ्या टेबलावर नकाशा पसरला होता. घड्या पडून पडून तो सारखा मिटायला बघत होता, म्हणून एका टोकावर कात्री आणि दुसऱ्यावर इस्त्री ठेवली होती. गाडी शिकवणारे मास्तर दारातच थांबले. आज सांगून मोकळं व्हायचं, असं ते जिना चढतानाच ठरवून आले होते.

"काकू, लायसन्स हातात येऊन वर्ष होत आलं. आता कसली शिकवणी? पास झालेल्या माणसाला शिकवतो म्हणून लोक मला हसतायत."

"हसू द्या. बसा आधी. रविवारी इथे जायचंय."

मास्तरांनी वाकून पाहिलं. बर्फाच्या डोंगरांमधून जाणारा जुना घाटरस्ता होता तो. उन्हाळ्यापुरताच उघडायचा. खालून बोगदा झाल्यापासून तिकडे सहसा कुणी फिरकत नसे. काकूंनी कापडावरच्या खडूने तो पायथ्यापासून खिंडीपर्यंत रेखला होता, आणि जिथे जिथे मोठं वळण, तिथे एकेक टाचणी खोचली होती.

"उजाडलं की निघू. या तळ्यापाशी चहा. थर्मास मी घेते, तुमचा बिनसाखरेचा वेगळा. मग ही धरणाची भिंत. तिच्यापुढे झाडं संपतात, नुसतं गवत. वर खिंडीत एक चहाचं दुकान आहे, जेवण तिथेच. दिवस मावळायच्या आत घरी."

"आणि गाडी?"

"मीच चालवणार. म्हणून तर शिकवणी."

"घाटात शिकवण्यासारखं काय आहे? उतारावर ब्रेकवर पाय ठेवून बसायचं नाही, खालचा गिअर टाकायचा. चढणाऱ्याला आधी वाट द्यायची. झाली शिकवणी."

काकूंनी जणू ऐकलंच नाही. त्यांनी एका टाचणीवर बोट ठेवलं.

"इथे दरी तुमच्या बाजूला येते. माझी नजर रस्त्यावर, मला काही दिसायचं नाही. तर तुम्ही बघायचं आणि मला सांगायचं. इथेही तसंच. आणि हे वळण फिरलं की हिमनदी दिसते म्हणतात, ती नीट सांगायची. नुसतं 'वा, छान आहे' म्हटलेलं चालणार नाही."

मास्तर हसले. मग त्यांचं हसू ओसरलं. ते टाचण्यांकडे बघत राहिले.

"काका गाडी चालवायचे तेव्हा..."

"तेव्हा मी सांगायचे. ती बघा मेंढरं, तो बघा धबधबा. ते म्हणायचे, जरा गप्प बस, वळण आहे." काकूंनी इस्त्री उगीचच थोडी सरकवली. "ऐकत होते की नाही, देव जाणे."

"मग कुणाला तरी घेऊन जा की. बहिणीला न्या."

"तिला खुर्चीवर चढलं तरी गरगरतं."

"मुलगा?"

"तो म्हणतो, आई, कशाला जिवाला घोर? हल्ली घरबसल्या सगळे डोंगर दिसतात. पाठवलेसुद्धा त्याने. बघितले मी."

मास्तरांनी मान खाजवली. "काकू, रविवारी माझ्या सासरची मंडळी यायचीयत. मी पाताळात दडी मारली तरी बायको शोधून आणेल."

"अहो, मग प्रश्नच नाही!" काकू घाईघाईने म्हणाल्या. "घरची माणसं सोडून कसं जमणार? मी आपलं सहज विचारलं."

मास्तर उठले नाहीत. त्यांनी खडू उचलला आणि ते रस्त्याच्या कडेने, आठवून आठवून, बारीक फुल्या मारायला लागले. "या जागा रुंद आहेत. इथे गाडी बाजूला घ्यायची, हँडब्रेक ओढायचा आणि खाली उतरायचं. अगदी निवांत बघायचं. मागून कुणी हॉर्न वाजवणार नाही."

"आणि बघून झालं की?"

"झालं की पुन्हा गाडीत बसायचं."

"तसं नव्हे," काकू म्हणाल्या. पण कसं, ते त्यांनी सांगितलं नाही. मास्तर गेल्यावर त्यांनी टाचण्या एकेक करून उपटल्या आणि नकाशा मिटून ठेवला.

रविवारी मास्तरांचं घर माणसांनी गजबजलं होतं. पानं वाढायला घेतली होती, एवढ्यात त्यांचा फोन वाजला. गलक्यात काही ऐकू येईना, म्हणून ते बाहेर जिन्यात आले.

"मास्तर, पोचले बरं का खिंडीत. गाडी कुठे घासली नाही, बंद पडली नाही."

"शाब्बास! मग, काय काय दिसतंय?"

पलीकडे वारा घोंघावत होता.

"धुकं आहे हो. येताना सगळीकडे धुकंच. तुमच्या एकूणएक फुल्यांवर उतरून पाहिलं."

"अरेरे."

"चहावाली म्हणाली, थांबा, निवळेल. म्हणून थांबलेय."

"ती आहे ना सोबतीला?"

"होती. आत गेली. तिला कामं असतील."

दार किलकिलं झालं. "अहो, सगळे खोळंबलेत," बायको म्हणाली. मास्तरांनी तिला हातानेच थांबायला सांगितलं आणि ते पायरीवर बसले.

"काकू, फोन ठेवू नका. मी आहे इथे. धुकं हललं की सांगा."

"बरं."

आतून भांड्यांचा, हसण्याचा आवाज येत होता. बायको अजून दारातच उभी होती. कोण आहे, असं तिने खुणेनेच विचारलं. मास्तरांनी ओठांवर बोट ठेवलं आणि फोन कानाशी आणखी घट्ट धरला. पलीकडे नुसता वारा होता.