पाठ लागली

"पाठ लागू देऊ नगंस!" आबा खुर्चीवरून ओरडले. ते माझे वडील, गावच्या तालमीचे वस्ताद. कुस्तीत पाठ लागली की हार, मी खेळते त्या जिउ-जित्सूत नाही, हे त्यांच्या टाळक्यात शिरतच नव्हतं. त्यांचं ऐकून मी दरवेळी पालथी पडायचे आणि मागून गळा आवळून घ्यायचे. आजची लढत हरले की खेळ बंद, असं त्यांनीच बजावलेलं.

मी मुद्दाम उताणी पडले.

"लाज काढली कार्टीनं!"

माझ्या अंगावर आलेल्या समोरच्या पोरीनं मॅटवर हात टेकला. तेच मनगट मी दोन्ही हातांनी जखडलं आणि तिच्या पाठीमागं पिरगाळलं. तिनं थापा मारून हार कबूल केली.

संध्याकाळी, जन्मात पाठ लागू न दिलेले आबा तालमीच्या मातीत, तिथं शिकणाऱ्या सगळ्या पोरींदेखत, आपणहून उताणे झाले. "हं, आता मनगट कुठं धरायचं, बोल."