जबाबाखालच्या ओळी

पडद्यावरचा माणूस बराच वेळ बोलला आणि त्याच्या छातीखाली इंग्रजीत एकच ओळ उमटली : चूक माझीच होती.

अलकनंदाने व्हिडिओ मागे नेला, हेडफोन कानांवर दाबून पुन्हा ऐकला. बळवंत नावाचा हा कामगार कोकणातल्या एका रंगाच्या कारखान्यात भाजला होता. मानेपर्यंत पट्ट्या. हॉस्पिटलच्या खाटेवरून तो मराठीत सांगत होता, "व्हॉल्व्ह गळतोय म्हणून मी साहेबांच्या कानावर घातलं. साहेब म्हणाले, पाळी संपेस्तोवर रेट. मग भडका उडाला. पळायला गेलो तर दार बाहेरून बंद." शेजारी स्टुलावर त्याची बायको बसली होती. तो अडखळला की ती म्हणायची, "सांगा, सगळं सांगा. भिऊ नका."

यातलं एक अक्षर खालच्या ओळींत नव्हतं.

नोएडातल्या त्या छोट्या स्टुडिओत अलकनंदाचं काम फक्त वेळ बसवण्याचं. आलेल्या ओळी सॉफ्टवेअरमध्ये टाकायच्या आणि आवाजाच्या पट्टीवर पुढेमागे सरकवत बोलण्याखाली नीट लावायच्या. मजकुराला वेळ अपुरा पडला तर ओळ लाल व्हायची, एवढंच बघायचं. भाषांतर कुणी दुसरंच करायचं. या खेपेला ते कारखान्याच्या वकिलाकडूनच आलं होतं. जबाब दिल्लीतल्या चौकशी समितीपुढे जाणार होता आणि समितीत मराठी कुणालाच येत नव्हतं. स्टुडिओतही तिच्याखेरीज कुणाला येत नव्हतं.

ती उठून मालकांच्या केबिनमध्ये गेली. "भसीनजी, ये जो बोल रहा है, नीचे उसका उलटा लिखा है."

भसीनने कपाळाला हात लावला, पण वकिलाला फोन केला. दुपारी खुराना वकील स्वतः आले. आता आरडाओरडा होणार म्हणून अलकनंदा मन घट्ट करून बसली होती. तसं काही झालं नाही. त्यांनी खुर्ची ओढली, तिच्याकडून एकेक वाक्य हिंदीत समजून घेतलं, मान डोलावत राहिले. बायको काय म्हणते आहे, तेही विचारलं.

"बिल्कुल ठीक कह रही हैं आप," शेवटी ते म्हणाले. "बोली और लिखाई में मेल तो होना चाहिए."

जाताना त्यांनी हात जोडले.

"चिडला नाही?" संध्याकाळी दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये नवऱ्याने, शशिकांतने, विचारलं.

"नाही रे. उलट थँक्यू म्हणाला."

"अच्छा! चलो, तुझ्यामुळे त्या बिचाऱ्याचं भलं झालं." त्याने तिच्या पाठीवर थाप मारली. त्या रात्री तिला गाढ झोप लागली.

दोन दिवसांनी काम परत आलं. तिने आधी ओळी उघडल्या. त्या जशाच्या तशा होत्या. एक शब्दही बदलला नव्हता. तिला वाटलं, चुकून जुनीच फाइल आली. मग तिने व्हिडिओ लावला.

व्हिडिओ नवा होता.

तीच खोली, तीच खाट. पट्ट्या नव्या होत्या, केस कुणीतरी विंचरून दिले होते. शेजारचं स्टूल रिकामं होतं. कॅमेऱ्याच्या पलीकडे कुठेतरी बघत बळवंत पाठ केलेला धडा म्हणावा तसं म्हणत होता, "चूक माझीच होती. साहेबांनी मशीन बंद करायला सांगितलं होतं. मी ऐकलं नाही." प्रत्येक वाक्यानंतर तो थांबायचा, पुढचं आठवायचा, मग पुन्हा बोलायचा.

ओळी आपोआप जागेवर बसत गेल्या. एकही लाल झाली नाही. अर्ध्या दिवसाचं काम चहा येण्याआधी उरकलं.

भसीन आणि खुराना कधी मागे येऊन उभे राहिले, तिला कळलं नाही.

"अब तो कोई शिकायत नहीं?" खुरानांनी हसून विचारलं.

शेवटची ओळ येऊन गेली. व्हिडिओ मात्र चालूच राहिला. तिकडे कुणीतरी कॅमेरा बंद करायला विसरलं होतं. बळवंतने दुखरी मान कष्टाने वळवली आणि चौकटीबाहेरच्या कुणाला तरी अगदी हलक्या आवाजात विचारलं, "बोललो ना तुम्ही सांगितलं तसं? आता तरी सोडा तिला."

"ये आख़िर में क्या बोला?" खुराना खाली वाकले. त्यांच्या अत्तराचा वास तिच्या नाकात भरला.

परवा याच खुर्चीत बसून तिने एकेक वाक्य खरंखरं सांगितलं होतं. बायकोचंही.

"पानी माँग रहा है," अलकनंदा म्हणाली.

खुराना क्षणभर पडद्याकडे बघत राहिले.

"डाल दीजिए, ये भी," ते म्हणाले. "अच्छा लगता है. इन्सान लगता है."

तिने एक नवी, रिकामी ओळ उघडली. थोडं पाणी मिळेल का, असं इंग्रजीत टाइप केलं, त्याच्या आवाजाखाली नीट बसवलं आणि लावून बघितलं.

ओळ आली, गेली. बळवंतला कुणीच उत्तर दिलं नाही. तो त्या बाजूला बघतच राहिला.