सापडला नाही

मी घरीच बसून जाहिरातींना संगीत देतो. लग्नाआधी बायकोने मला वाजवायचा काळा कीबोर्ड भेट दिला होता. आजही ती रोज सकाळी तो इतक्या मायेने पुसते की मलाच भरून येतं.

आज संगीताचं सॉफ्टवेअर उघडलं, तर अर्धा तास झाला तरी ते कीबोर्ड ओळखायलाच तयार नाही. तिकडे दिग्दर्शकाचे फोनवर फोन. शेवटी वैतागून मी टेबलाखाली शिरलो, वायरी चाचपायला लागलो आणि बायकोला हाक मारली, "अगं, स्क्रीनवर काय येतंय ते जरा मोठ्याने वाच ना!"

"आजवर जोडलेले सगळे कीबोर्ड एकेक करून शोधत आहे," ती वाचू लागली. "पहिला, सापडला नाही. दुसरा, सापडला नाही. तिसरा, सापडला नाही..."

सहाव्याला ती थांबली.

"अरे, पहिला म्हणजे मी दिलेला ना? मग मी रोज पुसते तो कितवा?"



सॉफ्टवेअरला कीबोर्ड केव्हाच सापडलाय, पण मी अजून टेबलाखालून बाहेर आलेलो नाही.