उबेतले बटाटे

कढईतला काप सोनेरी निघाला आणि तपासनीस बाईंनी कपाळावर हात मारला. आज चौथा दिवस. रोज एक बटाटा, रोज चार काप, आणि रोज हा मेला सोनेरी रंग!

खरं तर त्यांनी नाचायला हवं होतं. शीतगृहातलं यंत्र बिघडून पारा पार दोन अंशांवर उतरला होता आणि गारठलेले बटाटे आतून गोड झाले होते. गोड बटाटा तळला की काळा पडतो. वेफर्सवाल्यांनी नाक मुरडलं. तेव्हा मॅनेजर म्हणाले, "पंधरा दिवस उबेत ठेवले तर गोडवा उतरतो. पण इथे ऊब कुठली! एक पोतं तुम्ही घरी न्या, एक मी नेतो. एकाचे जरी सुधारले तरी वेफर्सवाले बाकीचा माल नेऊन स्वतः उबेत ठेवायला तयार आहेत; चारशे पोती वाचली. नाहीतर गुरांची चंगळ."

बाईंनी पोतं लेकीच्या खोलीत ठेवलं. लेक दूर गेल्यापासून ती खोली बंदच होती.

त्या दिवसापासून संध्याकाळी सातच्या ठोक्याला मॅनेजरसाहेबांचा फोन येऊ लागला. विचारायचं एवढंच, "काय म्हणतात आपले बटाटे?" मग गाडी बटाट्यांवरून गुडघ्यांवर, गुडघ्यांवरून जुन्या गाण्यांवर घसरायची. त्याआधी त्या घरात आवाज करायचा तो फक्त कुकर.

बटाटे सुधारले की फोन संपला. म्हणून मंगळवारी बाईंनी दडपून सांगितलं, "अजून काळेच." बुधवारीही तेच. गुरुवारीही. पलीकडून साहेब सुस्कारा सोडायचे, "माझेही काळे ठिक्कर. बघू उद्या."

पण आता उद्या मुदत संपणार होती. सकाळी ट्रक लागणार, चारशे पोती गोठ्यांत जाणार. आपल्याला दहा मिनिटं कुणी बोलायला हवं म्हणून एवढा माल मातीत घालायचा? बाईंना स्वतःचीच लाज वाटली.

सात वाजले. फोन खणाणला.

"काय म्हणतात आपले बटाटे?"

बाईंनी डोळे घट्ट मिटले. "सोनेरी झालेत, साहेब. खोटं बोलले मी. मंगळवारपासूनच सोनेरी निघताहेत."

पलीकडे साहेबांनी घसा खाकरला.

"माझे रविवारपासून."