पहिली चकती

"बांगड्या उतरवल्या, केसांना तेल लावणं सोडलं. आता आणखी काय करू, सर?" वनमालाताईंनी सगळ्यांसमोर विचारलं. तरी सबनीसांनी त्यांना मशीनवरून उठवून पॅकिंगला पाठवलं.

प्रयोगशाळेत बारा वर्षं खपून साधलेला सोलर सेल ते आता कारखान्यात स्वस्तात काढत होते. पण रोजचं पहिलंच पॅनेल नापास व्हायचं. तेलाचा किंवा धुळीचा डाग लागून एक सेल कमजोर निघाला की अख्खं पॅनेल मान टाकायचं, आणि सेलच्या कोऱ्या चकत्या मशीनमध्ये ठेवायच्या वनमालाताई.

दुसऱ्या दिवशी त्या नसतानाही पॅनेल नापास झालं. सबनीसांनी चिडून तपासणीचा फोटो मोठा केला. चकतीवर अंगठ्याचा काळा ठसा होता, मधोमध आडवा व्रण. तसाच व्रण त्यांच्या स्वतःच्या अंगठ्यावर होता. रोज सकाळी हातमोजे न घालताच ते पहिली चकती कपाळाला लावत, मगच काम सुरू होई.

ते पॅकिंगला गेले. "ताई, तुम्हाला ठाऊक होतं?"

"देवाचं नाव घेणाऱ्याला मध्येच कसं टोकायचं, सर?"

सबनीसांची नजर त्यांच्या ओक्याबोक्या मनगटांवर गेली, ती वर उचलवेना.